दगड तोच, उजेड वेगळा : झिजलेली अक्षरं मोबाइलवर दिसतात कशी?

गावच्या देवळासमोर किंवा एखाद्याच्या धुऱ्यावर पडलेला जुना दगड. दिवसा पाहावं तर नुसता खडबडीत. फार तर एखादा म्हातारा म्हणेल, यावर काही लिहिलं हाय म्हनतात. मग एक दिवस त्याच दगडाचा व्हिडिओ गावातल्या मोबाइलवर फिरू लागतो. स्क्रीनवर कोणीतरी बोट फिरवतंय, बोटासोबत उजेड सरकतोय, आणि उजेड एका बाजूला गेला की दगडावर ओळीच्या ओळी उमटतात. बोट पुढे गेलं की पुन्हा सपाट दगड.

त्यानंतर पारावर काय बोलणं होतं ते सांगायला नको. "हे तं कम्प्युटरनं काढलं, भाऊ. दगडावर कुठी हाय?" दुसरा म्हणतो, एआय आहे. तिसरा म्हणतो, लेखबिख काही नाही, धनाची खूण आहे. तिसऱ्याची समजूत घालणं आपल्या हातात नाही, त्याला सोडून देऊ. पहिल्या दोघांची शंका मात्र रास्त आहे. आणि तिचं उत्तर "खरं आहे" किंवा "खोटं आहे" असं एका शब्दात देता येत नाही.

स्क्रीनवरचा तो फिरता उजेड खरा नसतो, हिशेबानं तयार केलेला असतो. पण हिशेब ज्या आकड्यांवर केला ते आकडे त्या दगडावरून, कॅमेऱ्यानं उचललेले असतात. निदान तसे असायला हवेत. ते तसे आहेत की नाहीत हे ओळखता येतं, आणि त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही.

दिवस बुडतानाचं वावर

नांगरलेलं वावर दुपारी बारा वाजता बांधावर उभं राहून पाहा. काळ्या मातीचा एकसारखा पट्टा दिसतो, डोळ्यात काहीच भरत नाही. तेच वावर दिवस बुडताना पाहा. ढेकूळ न् ढेकूळ सुटं दिसतं, नांगराचे तास मोजता येतात, गडी कुठे वळला तेही कळतं. माती बदललेली नसते. उजेड तिरपा झालेला असतो.

हे असं का होतं, याचा नियम योहान लाम्बर्ट यांनी १७६० साली लिहून ठेवला. पृष्ठभागावर किती उजेड पडणार हे तो उजेडाकडे किती तोंड करून आहे यावर ठरतं. उजेड सरळ अंगावर आला तर पुरेपूर, जसजसा कलेल तसतसा कमी. पृष्ठभागातून काटकोनात बाहेर निघणारी एक कल्पित काडी मनात धरा. शास्त्रात तिला अभिलंब म्हणतात. या लेखात आपण काडीच म्हणू. काडी आणि उजेड यांच्यातला कोन जेवढा मोठा, तेवढा उजेड थोडा.

आता आकडे पाहू. उजेड थेट डोक्यावरून पडत असताना सपाट जमिनीला १०० मिळतात असं धरा. शेजारच्या १० अंश उताराच्या ढेकळाला मिळतात ९८.५. हा दीडाचा फरक डोळ्याला कळत नाही. मग दिवस कलतो, जमिनीपासून फक्त १० अंश वर राहतो. सपाट जमिनीला आता १७ च मिळतात. पण उजेडाकडे तोंड केलेल्या १० अंश उताराला ३४, आणि पाठ फिरवलेल्या तेवढ्याच उताराला शून्य. उतार तेच, आणि फरक मात्र दीडावरून चौतीसवर गेला.

शे-पाचशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या अक्षराच्या कडा अशाच थोड्या अंशांच्या उतरणी होऊन उरलेल्या असतात. दुपारच्या उन्हात त्यांचं काही चालत नाही. उजेड दगडाला घासून गेला तरच त्या सावली धरतात. पुढचं सगळं तंत्र यातूनच निघतं.

कॅमेरा हलायचा नाही, उजेड फिरवायचा

व्हिडिओतल्या त्या पद्धतीचं नाव रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग, थोडक्यात आरटीआय. तहसीलमध्ये अर्ज करायचा तो आरटीआय वेगळा.

करायचं असं. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, दगडाकडे सरळ रोखून. तो शेवटपर्यंत हलू द्यायचा नाही. मग बॅटरी किंवा फ्लॅश घेऊन दगडाभोवती घुमटासारख्या वेगवेगळ्या जागांवरून उजेड टाकायचा: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, उंचावरून, अगदी जमिनीलगत. प्रत्येक जागेवरून एक फोटो. असे साधारण ३० ते ६० फोटो होतात. सगळ्यांत दगड त्याच जागी, फक्त उजेडाची दिशा निराळी.

आता प्रश्न असा की कोणत्या फोटोत उजेड कुठून होता हे कम्प्युटरला कसं कळणार? त्यावरची युक्ती मला फार आवडते. दगडाशेजारी एक काळा चकचकीत चेंडू ठेवतात. प्रत्येक फोटोत त्या चेंडूवर उजेडाचा एक पांढरा ठिपका चमकतो. ठिपका चेंडूच्या कोणत्या भागावर पडला यावरून उजेडाची दिशा गणितानं काढता येते. कोनमापक नको, वहीत नोंद नको.

मग कम्प्युटर फोटोतला एकेक ठिपका, म्हणजे पिक्सेल, घेतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत असे १ कोटी २० लाख ठिपके असतात. समजा फोटो ४० आहेत. तर प्रत्येक ठिपक्यासाठी ४० नोंदी मिळतात: उजेड अमुक दिशेनं आला तेव्हा हा ठिपका एवढा उजळ होता, तमुक दिशेनं आला तेव्हा एवढा. या ४० नोंदींना जमेल तितकं धरून जाणारं एक सूत्र कम्प्युटर बसवतो. त्या सूत्राला अवघे ६ आकडे पुरतात. टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतून २००१ साली ही रीत मांडली.

तुम्ही स्क्रीनवर बोट फिरवता तेव्हा फक्त दोन गोष्टी बदलतात: उजेड किती डावा-उजवा आणि किती वर-खाली. हे दोन आकडे प्रत्येक ठिपक्याच्या सूत्रात टाकले की त्या ठिपक्याची नवी उजळी निघते. गुणाकार-बेरजेचं साधं काम आहे, म्हणून स्वस्तातला मोबाइलही ते बोटाच्या वेगानं करतो.

म्हणजे उजेड ४० जागांवरून टाकला असला, तरी पाहताना तो मधल्या कोणत्याही जागेवर ठेवता येतो. मधलं जे दिसतं तो अंदाजच, हे कबूल करायला हवं. पण आजूबाजूच्या खऱ्या फोटोंनी तो अंदाज बांधून ठेवलेला असतो.

चकाकीचं बटण

व्हिडिओत बरेचदा असं दिसतं की दगडाचा रंग उडाला, तो काळ्या पॉलिशसारखा चमकू लागला आणि अक्षरं आणखी ठसठशीत झाली. लोकांचा विश्वास उडतो तो इथेच. दगड असा चमकतच नाही, मग हे आलं कुठून?

वेगवेगळ्या दिशांच्या उजेडाला ठिपका कसा वागला यावरून त्याची काडी कुणीकडे रोखलेली आहे हे काढता येतं. ठिपका ज्या बाजूच्या उजेडात सर्वांत उजळ, काडी साधारण त्या बाजूला. सगळ्या ठिपक्यांच्या काड्या हाती आल्या की दगडाच्या पृष्ठभागाचे चढ-उतार कळले. मग कम्प्युटर विचारतो, हेच चढ-उतार चकचकीत वस्तूचे असते तर कसे दिसले असते? चकाकी कशी दाखवायची याचं सोपं गणित बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणानं मांडलं होतं. ते १९७५ साली छापून आलं आणि अजूनही वापरात आहे. चकचकीत वस्तूवर काडी जराशी फिरली तरी चमक झटक्यात जागा बदलते, म्हणून बारीक ओरखडाही उठून दिसतो.

तेव्हा या दृश्यात चकाकी खोटी असते, चढ-उतार खरे. आणि रंग उडवणं ही यातली सर्वांत कामाची गोष्ट आहे. आपल्या दगडांवर शेवाळ असतं, तेलाचे ओघळ असतात, चुन्याचे डाग असतात. डोळा त्यांतच अडकतो. रंग बाजूला केला की फक्त आकार उरतो.

थ्रीडी मॉडेलची गोष्ट वेगळी

मूर्ती किंवा वीरगळ बोटानं गोल फिरवून पाहता येते, ते आरटीआय नव्हे. ते थ्रीडी मॉडेल. त्यासाठी उजेड स्थिर ठेवतात आणि कॅमेरा वस्तूभोवती फिरवतात. शेकडो फोटोंतल्या सारख्या खुणा जुळवून कम्प्युटर वस्तूचा आकार उभा करतो आणि त्यावर फोटोतला रंग कपड्यासारखा चढवतो. ऑनलाइन दुकानात बांगडी फिरवून दाखवतात तीही याच भावकीतली, फक्त तिचा आकार बरेचदा कम्प्युटरवरच बनवलेला असतो.

पाहताना आरटीआयमध्ये उजेड फिरतो पण वस्तू फिरत नाही. मॉडेलमध्ये दोन्ही फिरतात. मग मॉडेलच बरं, असं वाटेल. पण त्यात एक अडचण आहे. फोटो काढताना उन्हाची सावली पडलेली असेल तर ती चढवलेल्या रंगात कायमची चिकटून बसते. मग स्क्रीनवर उजेड डावीकडून टाका नाहीतर उजवीकडून, नाकाची सावली गालावर जिथे होती तिथेच राहते, आणि हिशेबाची दुसरी सावली वेगळीकडे पडते. एका नाकाला दोन सावल्या! संग्रहालयांच्या वेबसाइटवरही अशी मॉडेलं दिसतात.

म्हणून मॉडेलसाठी फोटो श्रावणातल्या ढगाळ दिवशी काढावेत. वैशाखातलं आपल्याकडचं ऊन यासाठी सर्वांत वाईट. आणि पाहताना, सोय असेल तर, आधी रंग बंद करून मॉडेल एकरंगी करड्या रूपात पाहावं. करड्या रूपात जे उरलं तेवढंच आकारात आहे. रंग चालू केल्यावरच जे दिसतं ते फोटोतून आलेलं, मग ते खोदकाम असो की पक्ष्यांनी केलेली घाण.

मग फोटोवर हात मारणं आणि हे, फरक काय राहिला?

फरक असा की हात मारलेला फोटो एकच असतो. त्याला उलटतपासणी करता येत नाही. एआयनं दगडाच्या फोटोवर सुबक अक्षरं काढून दिली तर ती दिसतील छान, आणि आता तर एआय हलत्या उजेडाचा व्हिडिओसुद्धा बनवून देतं. पण तो तुम्हाला नुसता बघायला मिळतो. उजेड स्वतःच्या बोटानं हव्या त्या जागी नेता येईल अशी फाइल आणि तिच्यामागचे मूळ ४० फोटो मागितले की दोन्ही प्रकारांतलं अंतर लगेच कळतं.

माझं मत सांगतो. उजेड लावलेल्या दगडाचा एकच स्क्रीनशॉट म्हणजे कोणाचा तरी दावा. उजेड फिरवता येणं हा त्या दाव्याचा पुरावा. "बघा, इथे श्री लिहिलंय" असं म्हणत कोणी एकच चित्र पाठवलं, तर त्याला फाइल मागावी.

फाइल आली की तपासणी सोपी आहे. खाच असेल तर उजेड डावीकडून आल्यावर तिची डावी कड काळी आणि उजवी उजळ दिसते. उजेड उजवीकडे नेला की बरोबर उलट. डाग असेल तर उजेड कुठेही न्या, काळं ते काळंच राहतं. दगडातली चीर मात्र खाचेसारखीच वागते, तिथे हे तंत्र काही सांगत नाही. चीर आणि अक्षर यांतला फरक लिपी जाणणाऱ्यानंच सांगायचा.

तंत्राच्या मर्यादाही आहेत. सहा आकड्यांचं सूत्र मुळात गुळगुळीत आहे. खोल कोरीव काम असेल तर एका भागाची सावली दुसऱ्यावर धारदार कडेनं पडते. ती कड हे सूत्र पुसट करून टाकतं. हातपाय सुटे कोरलेल्या मूर्तीला आरटीआय फारसं शोभत नाही. उथळ लेख, नाणं, ताम्रपट, घासून गेलेली वीरगळ, हे त्याचं खरं काम.

शिरोरेषा गायब, काना हजर

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक चुकीची वाचनं इथेच होतात. पुन्हा वावरात चला. तास उत्तर-दक्षिण असतील तर पश्चिमेचा उजेड त्यांना आडवा पडतो आणि ते सुरेख दिसतात. तास पूर्व-पश्चिम असतील तर उजेड तासांतून सरळ धावतो, एका कडेला सावली नाही की दुसरीला चमक नाही. वावर सपाट दिसतं.

अक्षराचंही तसंच. देवनागरीत उजेड डावीकडून टाकला तर काने आणि उभे दांडे उठून दिसतात, शिरोरेषा बुडते. वरून टाकला तर शिरोरेषा झळकते आणि काना हरवतो. काना हरवला की 'रामा'चा 'रम' होतो, आणि एखादा उत्साही माणूस त्यावर गावाचा इतिहास रचून मोकळा होतो. म्हणून निदान दोन आडव्या-उभ्या दिशांतून, शक्य तर सगळीकडून उजेड फिरवून, एकेक अक्षर पाहावं.

आपल्या विदर्भात याला जास्तच महत्त्व आहे. इथल्या प्राचीन वाकाटक राजांचे बहुतेक ताम्रपट ज्या लिपीत आहेत तिला पेटिकाशीर्षक म्हणतात, कारण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. चौकोनाला चार कडा. एकाच बाजूनं उजेड टाकला तर त्यातल्या दोनच नीट दिसणार.

जुने अभ्यासक हे कसं करत? ठसा घेऊन. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं ठोकून खाचांत दाबायचा, वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. सपाट भाग काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिळेवर दोन काळांतले दोन लेख आहेत. एक मौर्यकाळच्या ब्राह्मीतला, प्राण्यांना पकडायला आणि मारायला मनाई करणारा. दुसरा कित्येक शतकांनंतरचा, वाकाटक राजा रुद्रसेनाचा. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ते वाचले. वाकाटकांच्या लेखांचा त्यांनी सिद्ध केलेला मोठा इंग्रजी खंड १९६३ साली आला. तो काळ ठशांचा आणि नजरेचा होता. ठसा आजही बाद झालेला नाही. पण त्यात दगडाला हात लावावा लागतो, आणि खाच फारच उथळ झाली असेल तर कागद तीत उतरत नाही.

लोणारचा खड्डा की लोणारची टेकडी?

उजेडाची आणखी एक खोड आहे आणि ती आपल्या डोक्यातली आहे. उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरूनच चालतो, कारण जन्मापासून सूर्य वरच पाहिला. स्क्रीनवर उजेड खालच्या बाजूला नेला की मेंदू फसतो: कोरलेलं अक्षर उठावाचं वाटू लागतं, खड्डा टेकडी होतो.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. हिवाळ्यात सकाळी वरून, उपग्रहातून घेतलेलं त्याचं चित्र पाहा. त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो आणि चित्रात उत्तर वर असते, म्हणजे उजेड खालच्या उजव्या कोपऱ्यातून आलेला असतो. विवराची वरची डावी भिंत उजळते, खालची उजवी सावलीत जाते. उजेड वरून आहे असं धरणाऱ्या मेंदूला ही टेकडीची खूण वाटते. आत पाणी दिसतं म्हणून निभावतं. चित्र फिरवून दक्षिण वर घेतली की खड्डा पुन्हा खड्डा होतो.

नकाशे करणाऱ्यांना ही खोड जुनी माहीत आहे. उंचीच्या आकड्यांवरून डोंगरांची सावली काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्य बहुतेकदा आपणहून वायव्येला, क्षितिजापासून ४५ अंशांवर ठेवलेला असतो. म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. आपल्याकडे वर्षातल्या कोणत्याही दिवशी सूर्य तिथे नसतो! पण त्या अशक्य सूर्याच्या उजेडात मेळघाटच्या दऱ्या दऱ्यांसारख्या दिसतात, खऱ्या सूर्याच्या उजेडात त्या डोंगर वाटू शकतात.

तेव्हा स्क्रीनवर दगड पाहताना उजेड आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा, खोल काय आणि उठावाचं काय ते ठरवा, आणि मग फिरवा.

शेंदराखालचं दिसेल का?

नाही. हा एक्स-रे नाही. कॅमेऱ्याला पृष्ठभाग दिसतो, आणि शेंदूर चढवलेल्या दगडाचा पृष्ठभाग म्हणजे शेंदूर. थर पातळ असेल तर खालच्या खोदकामाची लहर वरपर्यंत आलेली असते आणि तिरप्या उजेडात ती दिसते. वर्षानुवर्षांचे जाड थर असतील तर काहीच हाती लागत नाही. म्हणून शेंदूर खरवडायचा नाही, ॲसिडनं धुवायचा नाही, अक्षरांत खडू किंवा तेल भरायचं नाही. श्रद्धेचा प्रश्न आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी खरवडताना उरलीसुरली कडही निघून जाते.

ग्रीसजवळच्या समुद्रातून १९०१ साली अँटिकिथेराचं यंत्र वर काढलं, सूर्य-चंद्राच्या चाली काढणारं दातेरी चाकांचं प्राचीन यंत्र. २००५ साली एचपीच्या लोकांनी आपला दिव्यांचा घुमट अथेन्सला नेला आणि त्याच्या गंजलेल्या तुकड्यांवरची अक्षरं याच रीतीनं टिपली. तिथेही पृष्ठभागावरचं उजेडानं वाचलं, आतलं वाचायला एक्स-रेच लागले.

साधी बॅटरी का पुरू नये?

पुरते. जागेवर उभं राहून वाचायचं असेल तर अंधारात तिरपी धरलेली बॅटरी हे आजही सर्वांत चांगलं साधन आहे, आणि प्रत्येक कामाची सुरुवात तिनंच करावी. पण दगड गडचिरोलीत आणि लिपी वाचणारा पुण्यात असेल, तर बॅटरी पुण्याला पाठवून काय होणार? फाइल पाठवली तर तो घरी बसून उजेड त्याला हवा तिथे नेतो, तुम्ही कधी नेलाच नसता अशा जागीही नेतो. दोघांचं वाचन जुळलं नाही तर दोघं एकाच उजेडात तेच अक्षर पाहून भांडू शकतात. आणि दहा पावसाळ्यांनंतर तोच दगड पुन्हा टिपला तर किती झिजला ते कळतं.

गावात करायचं असेल तर

रात्रीची वेळ घ्या. रस्त्यावरचा दिवा आड येतो, लाइन गेलेली असेल तर उत्तमच. कॅमेऱ्याला स्टँड हवाच. मोबाइल वापरणार असाल तर फोकस आणि उजेडाचं माप (एक्सपोजर) लॉक करा, नाहीतर मोबाइल प्रत्येक फोटोत स्वतःची अक्कल चालवतो आणि सगळा हिशेब बिघडतो. बटण बोटानं दाबू नका, टायमर लावा.

उजेडाचं दगडापासूनचं अंतर प्रत्येक वेळी सारखं हवं. त्यासाठी सुतळी पुरे: एक टोक बॅटरीला बांधा, दुसरं दगडाच्या मध्याजवळ धरा, ताणून माप घ्या, सुतळी बाजूला करा, फोटो काढा. लांबी दगडाच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट ठेवा. मीटरभर रुंद दगडाला तीन-चार मीटर. बॅटरी जवळ आणली तर दगडाची एकच बाजू भाजून निघते. उजेडाची उंची साधारण १५ ते ६५ अंशांत ठेवली की झालं.

चेंडू नेमका गोल आणि चकचकीत हवा. फोटोत तो दोन-अडीचशे ठिपके रुंद यायला पाहिजे. चार हजार ठिपके रुंद फोटोत मीटरभर दगड घेतला तर त्याला पाच-सहा सेंटिमीटरचा चेंडू लागतो, स्नूकरचा काळा चेंडू त्याच मापाचा असतो. नाण्यासाठी बेअरिंगची गोळी चालून जाते. कंचा चालत नाही. पारदर्शक असतो, आणि नेमका गोलही नसतो.

पुढचा हिशेब करणारी सॉफ्टवेअरं फुकट आहेत. अमेरिकेतल्या कल्चरल हेरिटेज इमेजिंग या संस्थेची आरटीआय बिल्डर आणि आरटीआय व्ह्यूअर, आणि इटलीतल्या पिसाच्या संशोधकांचं रीलाइट. लॅपटॉप मात्र लागेल.

देऊळ किंवा जागा संरक्षित असेल, केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानं किंवा राज्याच्या १९६० च्या, तर स्टँड लावण्याआधी परवानगी घ्या. पूजेतला दगड असेल तर पुजाऱ्याला आणि गावातल्या चार जुन्या माणसांना आधी विचारा. रात्री दगडाभोवती बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्यांकडे गाव कोणत्या नजरेनं पाहतं ते सांगायला नको. पारावरचा तो तिसरा आठवत असेलच. नांगरताना ताम्रपट किंवा नाणी निघाली तर तो वेगळा विषय: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

काम झालं की मूळ फोटो पुसू नका. उद्या यापेक्षा चांगलं सूत्र निघालं तर तेच फोटो पुन्हा वापरता येतात. फोटोंसोबत एका कागदावर गाव, तारीख, दगडाची लांबी-रुंदी आणि दगडाची वरची बाजू कोणती ते लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात पेनड्राइव्हवर ठेवा. आणि व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवायचे असतील तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं, आणि झिजलेल्या अक्षराची कड त्या दाबण्यात पहिल्यांदा जाते.